डाव संपल्यावर काय बोलायचं

चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी आमची जिल्हा परिषदेची शाळा आहे. पहिली ते चौथी, दोन शिक्षक, दोन खोल्या आणि पुढे लांबलचक ओटा. मुलं बहुतेक पावरा आदिवासी घरांतली, काही गावातल्या अहिराणी बोलणाऱ्या शेतकऱ्यांची. हिवाळ्यात आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत केंद्रप्रमुखांनी सांगितलं की बौद्धिक खेळ आणि सकारात्मक शिक्षण या विषयावर प्राथमिक शिक्षकांचं प्रशिक्षण तालुक्याला होणार आहे, शाळेतून एकेक जण पाठवा. आमच्या शाळेतून मी गेले. तिथे काय झालं आणि पुढे वर्गात त्याचं काय झालं, ते जरा सविस्तर लिहिते. पुढच्या फेरीत ज्यांची नावं लागतील त्यांना याचा उपयोग होईल.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० म्हणतं की प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत. तास भरतात. दीक्षा या सरकारी पोर्टलवरचे कोर्स पूर्ण होतात, प्रमाणपत्र निघतं, फाईलला लागतं. पण दुसऱ्या दिवशी वर्गात उभं राहून काही वेगळं करावंसं वाटेल, असं फार थोड्या प्रशिक्षणांतून हाती लागलं आहे. म्हणून या वेळीही मी फार अपेक्षा ठेवून गेले नव्हते.

सभागृहात खुर्च्यांच्या रांगा नव्हत्या. सतरंज्या टाकल्या होत्या आणि दोघांत एक असे बुद्धिबळाचे पट मांडले होते. सुलभक, म्हणजे प्रशिक्षण देणारे सर, म्हणाले, ‘आधी खेळू, मग बोलू.’ आमच्यातल्या निम्म्यांना खेळ नीट येत नव्हता. घोडा अडीच घरं जातो आणि राजा मेला की डाव संपतो, इथपर्यंतच बऱ्याच जणांची मजल. (राजा मरत नाही, त्याची कोंडी होते, हे पुढे कळलं.) सरांनी सगळी मोठी मोहरी डब्यात परत ठेवायला लावली. पटावर राहिली फक्त प्यादी, दोन्हीकडे आठ-आठ. ज्याचं प्यादं आधी समोरच्या शेवटच्या रांगेत पोचेल तो जिंकला. सरळ पुढे जायचं, तिरपं मारायचं, बस. पाच मिनिटांत सगळे खेळत होते.

ही साधी गोष्ट मला फार मोलाची वाटली. पहिल्याच तासाला सहाही मोहऱ्यांच्या चाली फळ्यावर शिकवायला गेलं की मुलं थकतात आणि ज्यांच्या घरी पट आहे तीच पुढे निघून जातात. प्याद्यांच्या लढाईत सगळे एकाच रेषेवर उभे असतात. मग दुसऱ्या दिवशी हत्ती आणायचा, तिसऱ्या दिवशी उंट, वजीर, राजा, आणि घोडा सगळ्यात शेवटी. घोडा आला की एक प्रश्न टाकायचा: कोपऱ्यात उभ्या घोड्याला किती घरं जाता येतं? दोन. आणि पटाच्या मधोमध उभ्या घोड्याला? आठ. मुलांनी हे सांगितलेलं ऐकू नये, बोट ठेवून मोजावं.

पण या प्रशिक्षणाचा गाभा डाव संपल्यावर सुरू होत होता. नियम असा होता की पट लगेच आवरायचा नाही. दोघांनी समोरासमोर बसून बोलायचं. जिंकणाऱ्याने हरलेल्याची सगळ्यात चांगली चाल कोणती होती ते सांगायचं, आणि हरलेल्याने कुठल्या जागेपासून डाव पुन्हा खेळायला आवडेल ते दाखवायचं. मग त्या जागेपासून पुन्हा खेळायचं. निवृत्तीला आलेले एक सर नव्याने लागलेल्या शिक्षणसेवकाकडून हरले. आजूबाजूचे सगळे गप्प झाले. आपल्याकडे वयाचा मान असतो, त्या पोराला काय बोलावं सुचेना. थोड्या वेळाने तो म्हणाला, ‘सर, तुम्ही मधलं प्यादं दोन घरं नेलंत ना, तेव्हा मला पुढचं काही दिसेनासं झालं होतं.’ सरांनी त्याच जागी बोट ठेवलं. ‘इथूनच खेळू मग.’ आणि खेळले. त्या दिवशी दुपारी वांग्याचं भरीत आणि कळण्याच्या भाकरीवरही त्यांची तीच चर्चा चालू होती.

सकारात्मक शिक्षण म्हणजे काय, हे मग सांगितलं गेलं. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन यांनी माणसाचं जगणं कशाने फुलतं याच्या पाच बाजू मांडल्या: आनंददायी भावना, कामात रमून जाणं, नाती, जगण्याला अर्थ आणि काहीतरी साध्य करणं. ऑस्ट्रेलियातल्या जिलाँग ग्रामर स्कूलने २००८ पासून हा विचार संपूर्ण शाळेच्या कारभारात आणला. ती श्रीमंत निवासी शाळा आहे, आमच्या ओट्याशी तिचा काय संबंध, असं एका मॅडमनी विचारलं. प्रश्न रास्त होता आणि सुलभकांनी तो टाळला नाही. ते म्हणाले, त्यांची इमारत आपल्याकडे नाही, पण डाव हरलेल्या मुलाशी आपण काय बोलतो ते आपल्या हातात आहे.

याबद्दल मला इथेच एक गोष्ट स्पष्ट लिहायची आहे. सकारात्मक म्हणजे सदा हसतमुख राहा, असा अर्थ कोणी काढत असेल तर ते आमच्या भागातल्या मुलांवर अन्याय करणारं आहे. दिवाळीनंतर आमच्या काही मुलांचे आईवडील ऊसतोडीला जातात, मूल आजीपाशी राहतं. त्याला ‘चांगला विचार कर’ असं शिकवणं मला जमणार नाही आणि जमवायचंही नाही. त्या मुलाला वाईट वाटत असेल तर ते वाटणं खरं आहे. प्रशिक्षणातही हेच सांगितलं गेलं: आधी भावनेला नाव द्या, ती पुसायला धावू नका. ‘काही होत नाही, खेळ तर आहे’ असं हरलेल्या मुलाला म्हणू नका, कारण त्याला खूप काही झालेलं असतं.

मग थांबण्याचा सराव आला. मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात वर्गातलं बोलणं ध्वनिमुद्रित करून तपासलं होतं. शिक्षक प्रश्न विचारतो आणि उत्तरासाठी सरासरी सुमारे एक सेकंद थांबतो. तेच थांबणं तीन सेकंदांच्या पुढे नेलं की मुलांची उत्तरं लांबतात, गप्प राहणारी मुलं बोलू लागतात, ‘माहीत नाही’ कमी होतं. आम्ही जोड्या करून मोबाईलवर वेळ लावून हे करून पाहिलं. तीन सेकंद कागदावर काहीच नाहीत, वर्गात ते फार मोठे वाटतात. घसा खाकरावासा वाटतो, प्रश्न पुन्हा विचारावासा वाटतो, दुसऱ्या हुशार मुलाकडे वळावंसं वाटतं. पट समोर असला की मात्र थांबायला सबब मिळते. समोरचा विचार करतोय हे दिसत असतं, आणि त्याची पाळी असताना मध्ये बोलायचं नाही हा खेळाचाच नियम असतो. बुद्धिबळ प्राथमिक वर्गात आणायचं माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठं कारण हे आहे: तिथे विचार करणाऱ्या मुलाला शांतता हक्काने मिळते.

कौतुकाचंही तसंच. कॅरल ड्वेक आणि क्लॉडिया म्युलर यांचा १९९८ चा अभ्यास आम्हाला सांगितला गेला. पाचवीच्या मुलांना कोडी सोडवायला दिली. काहींना म्हटलं, ‘तू फार हुशार आहेस’, काहींना म्हटलं, ‘तू फार मेहनत घेतलीस’. नंतर हुशार म्हटलेल्या मुलांनी सोपं काम निवडण्याकडे कल दाखवला, अवघड कोड्यांत अडल्यावर त्यांची कामगिरी घसरली, आणि आपले गुण इतरांना सांगताना त्यांच्यातल्या जास्त जणांनी ते फुगवून सांगितले. या विषयावर पुढे खूप संशोधन झालं आणि परिणाम वाटला होता तेवढा मोठा नाही असंही दिसलं, हेही सुलभकांनी लपवलं नाही. आम्हाला कागद दिले आणि रोजच्या तोंडी असलेली वाक्यं लिहायला लावली. ‘शाब्बास’, ‘हुशार पोरगी’, ‘टाळ्या वाजवा’. मग त्यांच्या जागी जे डोळ्यांनी दिसलं ते लिहायचं. ‘तू उंटाला हात लावलास आणि मागे घेतलास. काय दिसलं तुला?’ असं. वाक्य लांब होतं, पण मुलाला उत्तर देता येईल असं होतं.

स्वभावातल्या चोवीस बलस्थानांची यादीही होती, पीटरसन आणि सेलिगमन यांनी २००४ मध्ये मांडलेली. त्याची कार्डं वाटली. हा भाग मला तितकासा पटला नाही. यादी वाईट नाही, पण चोवीस शब्द पहिलीच्या मुलासमोर ठेवून उपयोग काय? एका शाळेत मुलांच्या नावापुढे बलस्थानांची लेबलं लावलेला तक्ता दाखवला गेला, तो पाहून तर मला काळजीच वाटली. ‘संयमी’ लेबल लागलेल्या मुलीला रागवायची चोरी. मी पाचसहा गुण घेतले: टिकून राहणं, कुतूहल, खरेपणा, दया, धीर. ते भिंतीवर लावले नाहीत, माझ्या वहीत ठेवले. डाव चालू असताना एखाद्या मुलात त्यातलं काही दिसलं की तारीख टाकून एक ओळ लिहायची.

प्रशिक्षणावर माझा विश्वास बसला तो एका तासिकेमुळे. बुद्धिबळाने गणिताचे गुण वाढतात का, असं कोणीतरी विचारलं. जाहिराती तर तसंच सांगतात. सुलभकांनी इंग्लंडमधला अभ्यास समोर ठेवला. एज्युकेशन एन्डाउमेंट फाउंडेशनने तिथल्या १०० प्राथमिक शाळा घेतल्या, निम्म्या शाळांतल्या नऊ-दहा वर्षांच्या मुलांना शाळेच्या वेळात ३० तास बुद्धिबळ शिकवलं आणि शिकवणं संपल्यावर वर्षभराने गणिताची चाचणी पाहिली. २०१६ च्या अहवालात फरक आढळला नाही. आर्मेनियाने २०११ पासून दुसरी ते चौथीला बुद्धिबळ सक्तीचं केलं आहे, तमिळनाडूने २०१३ मध्ये शाळांत सात ते सतरा वयोगटासाठी कार्यक्रम सुरू केला, पण म्हणून गुण वाढतीलच असं कोणी छातीठोक सांगू नये, असं ते म्हणाले. सभागृहात थोडी नाराजी पसरली. मला मात्र मोकळं वाटलं. निपुण या वाचन-गणिताच्या सरकारी अभियानाच्या आकड्यांचं ओझं खेळावर टाकायचं नाही, हे तिथे पक्कं झालं. खेळात गणित भरपूर आहे, ते आपण काढून घेतलं तर मिळतं. पटावर चौरस किती, हा प्रश्न चौथीला दिला तर मुलं चौसष्ट म्हणून मोकळी होतात. मग कोणाला तरी चार घरांचा चौरस दिसतो, कोणाला नऊचा, आणि ६४, ४९, ३६, २५ असं करत बेरीज २०४ वर जाते. किंवा सोळा घरांचा छोटा पट आखून चार वजीर असे ठेवा की कोणी कोणाला मारणार नाही. जागा दोनच पद्धतीने सापडते. नऊ घरांच्या पटावर तीन वजीर तसे बसतच नाहीत, आणि ‘बसत नाहीत’ हे मुलांनी एकमेकांना पटवून देताना मी जे ऐकलं, ते गणिताच्या पाठ्यपुस्तकातल्या कुठल्याही स्वाध्यायात ऐकलं नव्हतं.

शाळेत परतल्यावर पहिली अडचण पटांची. ओट्यावर ऑइलपेंटने पट रंगवले. मोहऱ्यांसाठी बाटल्यांची झाकणं, त्यांवर मार्करने चित्रं. वेळ म्हटला तर शनिवार हाताशी होता. पहिली ते आठवीसाठी शासनाने २०२४ मध्ये आनंददायी शनिवारचा निर्णय काढला आहे, त्याची चौकट याला बरोबर बसते. पण द्विशिक्षकी शाळेला याचा खरा फायदा इतर दिवशी होतो. मी पहिली-दुसरीला वाचन घेत असताना तिसरी-चौथी ओट्यावर पटाशी असतात. प्रशिक्षणात बहुवर्ग अध्यापनाचा, म्हणजे एकाच शिक्षकाने एका वेळी अनेक वर्ग सांभाळण्याचा, शब्दही निघाला नव्हता. ही मोठी उणीव होती.

तिसरीतला एक मुलगा आठवड्यातून दोनतीन दिवस यायचा आणि वर्गात तोंड उघडायचा नाही. एका दुपारी त्याने हत्ती मारू दिला आणि प्यादं पुढे सरकवलं. डाव संपल्यावर मी विचारलं, हत्ती का सोडलास? तो पटाकडे बघत राहिला. बाकीची मुलं सांगायला लागली, ‘मॅडम, त्याला दिसलंच नाही.’ मी हाताने त्यांना गप्प केलं आणि थांबले. बराच वेळ गेला. मग तो पावरीत बोलायला लागला, बोट फिरवत, एकेक घर दाखवत. मला अर्धंच समजलं. चौथीतल्या मुलीने मराठीत सांगितलं: हत्ती घ्यायला गेलेला वजीर परत येईपर्यंत माझं प्यादं शेवटच्या रांगेत पोचतं. तीन चाली पुढचं पाहिलं होतं त्याने. माझ्या वहीत त्या दिवशी त्याच्या नावापुढे एक ओळ आहे. नंतर तो रोज यायला लागला असं मी म्हणणार नाही, शेतातलं काम असलं की आजही येत नाही. पण आला की बोलतो, आणि मी त्याला बोलताना ऐकते.

चौथीतला कायम पहिला येणारा मुलगा दुसरीच्या मुलीकडून हरला तेव्हा त्याने सगळी झाकणं उधळली. ‘मन्हा वजीर गया, मी नै खेळावं.’ मी त्याच्या शेजारी बसले. राग आला ना, एवढंच म्हटलं. जेवणाच्या सुट्टीनंतर खिचडी खाऊन तो परत आला आणि झाकणं आपल्या आपण मांडायला लागला, वजीर जाण्याच्या आधीच्या जागेपर्यंत. जवळजवळ सगळा डाव त्याला पाठ होता. त्या मुलीला बोलावून त्याने तिथून पुन्हा खेळायला घेतलं. दुसऱ्यांदाही हरला. पण झाकणं जागेवर राहिली.

२०२५ च्या जुलैमध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बाटुमीला महिला विश्वचषक जिंकला, अंतिम फेरीत कोनेरू हंपीला हरवून, आणि ती ग्रँडमास्टर झाली. ते कात्रण मी फळ्याशेजारी लावलं आहे. मुली त्याखाली उभ्या राहून जिंकली तेव्हाचं तिचं वय विचारतात. एकोणीस म्हटलं की मनातल्या मनात स्वतःचं वय वजा करतात.

बुद्धिबळावर सगळा भर देणं मात्र मला खटकलं. बौद्धिक खेळ म्हटलं की जगात बुद्धिबळ, ब्रिज, ड्राफ्ट्स, गो यांची नावं घेतात. २००८ मध्ये बीजिंगला त्यांचे पहिले जागतिक सामनेही झाले. पण आपल्याकडे नवकंकरी आहे. एकात एक तीन चौकोन, चोवीस जागा, प्रत्येकी नऊ खडे. तीन खडे एका रेषेत आले की समोरच्याचा एक उचलायचा. वाघबकरी आहे. महाराष्ट्रातल्या कितीतरी लेण्यांत आणि किल्ल्यांत असे पट दगडात कोरलेले आहेत. आमच्या गावात पारावर म्हातारी माणसं अजून नवकंकरी मांडतात. एका विद्यार्थिनीच्या आजोबांना शाळेत बोलावलं. शाळेची पायरी त्यांनी कधी चढली नव्हती. त्यांनी खडूने ओट्यावर पट आखला, खिशातून चिंचोके काढले आणि चौथीच्या मुलांना एकामागून एक हरवलं. मग मुलांनी त्यांना नियम सांगितला: आता आमची चांगली चाल कोणती ते सांगा. आजोबा विचारात पडले. त्यांना असं आजवर कोणी विचारलं नसावं. पण सांगितलं, प्रत्येकाला वेगळं.

शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत पालकांनी विचारलंच, मार्क वाढतील का? मी सांगितलं, तसं वचन देत नाही. ‘मंग कसाले?’ एका वडिलांचा सरळ प्रश्न. मी दोन मुलांना पुढे बसवलं, छोटा डाव खेळू दिला आणि नंतरचं बोलणं करायला सांगितलं. तेच वडील आपल्या मुलाचं उत्तर ऐकत होते. बैठकीनंतर त्यांनी एवढंच विचारलं की घरी पट कसा आखायचा.

महिन्याभराने सुलभक शाळेत येऊन वर्गात मागे बसले, निरीक्षणाचा कागद घेऊन. प्रशिक्षण संपल्यावर असं शाळेत येणं मी आधीच्या कुठल्याही प्रशिक्षणात पाहिलं नव्हतं. त्यांनी मुलं किती जिंकली-हरली ते लिहिलं नाही. कोणत्या मुलांना मी विचारलं आणि कोणाला नाही, याचा नकाशा काढला. खिडकीकडची रांग कोरी होती. दुसऱ्या दिवसापासून मी पट खिडकीकडून सुरू केले. प्रशिक्षणाच्या सगळ्या सत्रांपेक्षा हा एक कागद माझ्या जास्त कामाचा ठरला, आणि सगळ्या केंद्रांना तो मिळायला हवा. आमच्या तालुक्यातल्या बऱ्याच शाळांत कोणी पोचलंच नाही असं ऐकते.

आता केंद्राच्या शिक्षण परिषदेत आम्ही काही मागण्या लिहून दिल्या आहेत. पुढची फेरी मे महिन्यात ठेवू नये, तेव्हा जळगाव जिल्ह्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि पत्र्याच्या सभागृहात कोणाचंही डोकं चालत नाही. एक पूर्ण दिवस द्विशिक्षकी शाळेत, खऱ्या मुलांसोबत व्हावा. पावरी आणि अहिराणी येणारे साधनव्यक्ती, म्हणजे शिक्षकांना मार्गदर्शन करणारे, गटात असावेत. नवकंकरी आणि वाघबकरी अभ्यासक्रमात घ्यावी, आणि ती शिकवायला गावातलीच माणसं मानधन देऊन बोलवावीत. आमच्या आजोबांचं नाव मी पहिल्या यादीत घातलं आहे.